महानदीच्या डाव्या काठाने, नवापारा ते चंपारण

अभनपूरला स्वतःची नदी नाही. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तहसिलीचं गाव दोन नद्यांच्या मधल्या सपाटीवर वसलेलं आहे. पश्चिमेला खारून, आग्नेयेला महानदी. गावाजवळ वाहतं पाणी बघायचं तर कालव्यावर जावं लागतं, आणि तोही सुटला तरच वाहतो. तरी इथल्या कुणालाही ‘तुमची नदी कोणती’ विचारलं तर तो महानदीचंच नाव घेईल. त्यात उगाच मोठेपणा मिरवणं नाही. कालव्यात येतं ते पाणीही तिचंच असतं.

ज्याला एखादा अख्खा दिवस एकट्याने नदीकाठी चालायचं आहे, त्याच्यासाठी या तालुक्यात एक टप्पा मला सगळ्यांत सोयीचा वाटतो: नवापाऱ्याहून निघून नदीबरोबर खाली चंपारणपर्यंत. रस्त्याने हे अंतर सुमारे चौदा-पंधरा किलोमीटर आहे. काठाने गेलं तर नदीची वळणं, मध्ये आडवे येणारे नाले आणि वाळूतले वळसे यांनी त्यात बरीच भर पडते. दिवस पुरतो, उरत मात्र नाही. चढ नाही, दाट जंगल नाही, ठरावीक अंतराने गाव लागतं. कागदावर हे अगदी सोपं दिसतं. पायाखाली तसं नसतं, कारण इथे नदीकाठ म्हणून जे आहे ते बहुतेक वाळू आहे, आणि त्या वाळूत पाणी किती, कधी आणि कुठून येईल हे आभाळाकडे बघून कळत नाही. ते कळायला आधी वर धमतरीकडे बघावं लागतं.

महानदी धमतरी जिल्ह्यात सिहावाच्या डोंगरांत फरसिया गावाजवळ उगम पावते. तिथून बंगालच्या उपसागरापर्यंत तिची लांबी ८५१ किलोमीटर. समुद्र पूर्वेला आहे, पण ही आधी पश्चिमेची वाट धरते, मग वळून उत्तरेला लागते आणि नवापाऱ्यासमोरच्या राजिमनंतर हळूहळू ईशान्येकडे झुकते. राजिमला पोचेपर्यंतच तिला बरेच दरवाजे पार करावे लागतात. उगमाकडे दुधावा धरण. त्याच्या खाली गंगरेल, म्हणजे कागदोपत्री रविशंकर सागर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुरं झालेलं. शेजारच्या सिलियारी नदीवर १९२३ चं मुरुमसिल्ली. त्याचा सांडवा सायफनचा आहे, म्हणजे पाणी एका पातळीवर चढलं की माणसाने दार न उघडता आपोआप ओढलं जाऊन बाहेर पडतं. आणि या सगळ्यांच्या खाली, धमतरीजवळ, इंग्रजांच्या काळात बांधलेला रुद्रीचा बंधारा.

खरा खेळ रुद्रीला होतो. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी नदीतूनच रुद्रीपर्यंत येतं, तिथे अडतं आणि मुख्य कालव्यात वळतं. पुढे ते कुरूद, अभनपूर, आरंग भागातल्या भाताला जातं. एप्रिल-मे मध्ये तेच पाणी गावोगावच्या तलावांत सोडतात, अंघोळ, धुणी आणि गुराढोरांसाठी. निस्तारीचं पाणी म्हणतात त्याला, आणि ते वेळेवर सुटलं नाही तर गावंच्या गावं तहसिलीवर जातात. याच व्यवस्थेतून पाणी खारूनमध्ये पोचवून रायपूरच्या नळांना दिलं जातं. भिलाईच्या पोलाद कारखान्याचाही त्यात वाटा आहे. एवढं सगळं होऊन रुद्रीच्या खाली नदीत राहतं काय? पावसाळ्यात सगळं, पाऊस सरला की जेमतेम. नवापाऱ्याशी हिवाळ्यात दिसतात त्या दोन-तीन धारा म्हणजे वाळूतून झिरपून वर आलेलं, शेतांतून निथळून परत आलेलं आणि लहानमोठ्या नाल्यांनी आणून दिलेलं पाणी. त्यात राजिमला पैरी आणि सोंढूर येऊन मिळतात. पण पैरीलाही वर सिकासारला अडवलेलं आहे आणि सोंढूरवरही धरण आहे.

म्हणून बाहेरगावच्या पाहुण्याला संगमावर उभं केलं की तो हमखास विचारतो, ‘नदी सुकली का?’ सुकलेली नाही. कालव्याला लागली आहे. तो गाडीने आला असेल तर येताना वाटेत तिला ओलांडूनही आलेला असतो.

चालणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली अशी की हिवाळ्याच्या कोरड्याठाक दिवशीही नदीला पाणी येऊ शकतं. राजिमच्या जत्रेत पर्वस्नानासाठी वरून पाणी सोडतात. परतीचा पाऊस धरणक्षेत्रात जोरात झाला तर ऑक्टोबरमध्येही दरवाजे उघडतात, आणि इथे मात्र लख्ख ऊन असतं. असं पाणी सोडायचं असलं की काठच्या गावांत कोटवार, म्हणजे गावचा कोतवाल, मुनादी करतो, दवंडी देतो. म्हणून निघण्याआधी घाटावर चौकशी करावी. मोबाइलवर पावसाचा अंदाज बघण्यापेक्षा ‘ऊपर ले पानी छोड़े हे का?’ हा प्रश्न जास्त उपयोगी. दुसरी गोष्ट, पाणी कमी म्हणजे वाळू उघडी, आणि वाळूवर चालणं हे वेगळंच काम आहे.

पायाने वाळू दाबली की ती खाली आणि मागे सरकते. आपण लावलेल्या जोराचा बराचसा भाग वाळू हलवण्यात जातो, शिवाय पाय स्थिर ठेवायला स्नायू जादा राबतात. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजलं होतं: सारख्याच वेगाने चालताना घट्ट जमिनीपेक्षा वाळूवर २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. सडकेवर तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस कोरड्या वाळूवर तासाला अडीच-तीन धरून चालला तरच संध्याकाळपर्यंत टिकतो. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. रायपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताजवळ आहे. डिसेंबरात इथे साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, मुंबईपेक्षा अर्धा तास तरी आधी. दुपारचे चार वाजले म्हणजे अजून वेळ आहे, ही तिकडची सवय इकडे चालत नाही.

पण सगळी वाळू सारखी नसते, आणि या चालीतली निम्मी अक्कल ती ओळखण्यात आहे. काठापासून पाण्याकडे जाताना तीन पट्टे लागतात. काठालगतची वाळू पांढुरकी, भुसभुशीत, वाऱ्याने लाटा उठलेली. इथे पाय घोट्यापर्यंत जातो. त्यापुढे जरा गडद रंगाचा, ओलसर पट्टा. त्यावर पावलाचा ठसा नीट उमटतो पण खोल जात नाही. आणि पाण्याच्या अगदी कडेची वाळू चकाकते, तिच्यावर उभं राहिलं की पायाभोवती पाणी सुटतं. चालायचं ते मधल्या पट्ट्यावरून. त्याचं कारण साधं आहे. ओलसर वाळूत कणाकणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. कोरड्या वाळूत हा पापुद्राच नसतो. पाण्याने गच्च भरलेल्या वाळूत कणांमधली सगळी जागा पाण्यानेच व्यापलेली असते, तिथे हे धरून ठेवणं संपतं आणि पाय रुततो. एखाद्या जागी वाळू पायाखाली हलल्यासारखी वाटली तर जोर करून पाय उपसू नये. मागे बसतं होऊन, हलवत हलवत पाय सोडवावा आणि आल्या वाटेने मागे यावं.

हे वाळूतलं पाणी बघायचं असेल तर एखादा झिरा खणावा. धारेपासून पाच-सात पावलं दूर, ओलसर पट्ट्यात, दोन्ही हातांनी वाळू उपसत कोपरभर खोल गेलं की तळाशी पाणी दिसायला लागतं. पहिलं पाणी गढूळ असतं, ते ओंजळीने बाहेर टाकायचं. कडा ढासळतात, त्या परत उपसायच्या. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी जरा बरं, आणि तिसऱ्यांदा भरतं ते इतकं नितळ की तळातला अभ्रकाचा कण चमकताना दिसतो. शेजारच्या धारेत हात घातला आणि मग झिऱ्यात घातला तर सकाळच्या थंडीत झिऱ्यातलं पाणी कोमट लागतं. उघड्यावर वाहणाऱ्या धारेपेक्षा वाळूखालून सरकणाऱ्या पाण्याला थंडी उशिरा पोचते. काठच्या गावांतल्या बायका पूर्वी असंच पाणी भरत. अजूनही कुठेकुठे भरतात. आपण मात्र ते उकळल्याशिवाय पिऊ नये. दोन-तीन लिटर पाणी पाठीवर घरूनच न्यावं. ओझं वाटतं, पण दुपारपर्यंत ते आपसूक हलकं होतं.

आता वाट. अभनपूरहून नवापारा सतरा-अठरा किलोमीटर. बस आहे, आणि आता गाडीही आहे. १९०० साली रायपूर-धमतरी छोटी रेल सुरू झाली, तिचाच एक फाटा अभनपूरहून राजिमला जाई. रायपूरच्या तात्यापारा-बुढापारा भागातल्या जुन्या मराठी घरांमध्ये त्या डुलत जाणाऱ्या गाडीने राजिमच्या जत्रेला गेलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. गाडी इतकी सावकाश चाले की उतरून परत चढता येई, ही गोष्ट प्रत्येक जण आपलीच म्हणून सांगतो. तो अरुंद मार्ग उखडून मोठा करण्यात आला. ३० मार्च २०२५ ला रायपूर-अभनपूर मेमू सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती राजिमपर्यंत गेली. एकट्याने एका दिशेने चालणाऱ्यासाठी हे मोठं सुख आहे. आपली दुचाकी घाटावर ठेवली की संध्याकाळी तिच्यापाशी परत यावं लागतं, आणि चालण्याचा सगळा बेत त्या दुचाकीभोवती फिरतो.

नवापारा पश्चिम काठावर, राजिम पूर्व काठावर, आणि दोहोंच्या मध्ये पात्रातच कुलेश्वर महादेवाचं देऊळ. हे देऊळ निवांत बघण्यासारखं आहे, आणि तेही आधी खालून. ते एका उंच अष्टकोनी जोत्यावर उभं आहे. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला तर सगळा मार एका जागी बसतो; तिरकस बाजूंवर तो दुभंगून दोन्हीकडून निघून जातो. शतकानुशतकं दर पावसाळ्यात पाण्यात उभं राहून हे देऊळ टिकलं आहे, ते एवढ्यामुळे. पलीकडच्या काठावरचं राजीवलोचन त्याहून प्रसिद्ध. तिथे कलचुरी संवत ८९६ चा, म्हणजे इ. स. ११४५ चा, जगपालाचा शिलालेख आहे. पण ते बघायला थांबलात तर आजचं चालणं राहील. त्याला वेगळा दिवस द्यावा.

पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताचा तो डावा काठ. नवापारा आणि चंपारण दोन्ही डाव्या काठावर, म्हणजे दिवसभर नदी आपल्या उजव्या हाताला. नर्मदा परिक्रमेत नदी उजवीकडे ठेवायची आणि ती ओलांडायची नाही असा दंडक आहे. मराठी वाचकाच्या डोक्यात नदीकाठचं चालणं म्हटलं की तीच परिक्रमा असते. इथे तसला दंडक कुणी घातलेला नाही, पण एकट्याने चालताना मी तो व्यवहार म्हणून पाळतो. धार उथळ दिसते म्हणून पलीकडे गेलं की पलीकडून परत येण्याची जागा शोधत बसावं लागतं. पोटरीपर्यंत पाणी असेल आणि तळ दिसत असेल तर हरकत नाही. गुडघ्याच्या वर जात असेल तर एकट्या माणसाने नाद सोडावा.

नवापाऱ्यातून बाहेर पडलं की पारागाव. इथून पुढे काही अंतर नदी बघवत नाही. रेतीचे घाट आहेत. पात्रात उतरायला मुरूम टाकून रॅम्प केलेले असतात आणि त्यांवरून हायवा, म्हणजे रेतीचे मोठे डंपर, ये-जा करतात. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, रेती काढायला बंदी असते. चालायला चांगला हंगाम नेमका बंदी उठल्यावरचा. हायवाच्या चाकोरीतली वाळू दाबून घट्ट झालेली असते आणि पायांना मोह होतो, पण धूळ आणि भोंगे सोसावे लागतात. त्याहून मोठा धोका न दिसणाऱ्या खड्ड्यांचा. नदी आपला तळ उतरता उतरता खोल करते; यंत्राने उकरलेला खड्डा एका पावलात माणूसभर खोल असतो. वरून पाणी भरलं की दोन्ही सारखेच दिसतात. नदीत बुडाल्याच्या बातम्या या भागातून दर वर्षी येतात आणि बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. या टप्प्यात पाण्यात पाय घालू नये, आणि खरं सांगायचं तर पात्रातही उतरू नये. काठावरून, शेतांच्या बाजूने पुढे सरकावं.

काठ दोन तऱ्हेचे असतात. नदी जिथे वळते तिथे वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त, म्हणून तो काठ खालून कापला जातो आणि कड्यासारखा उभा राहतो. आतल्या बाजूला वेग मंदावतो, वाळू आणि गाळ तिथे साठत जातो. कापल्या जाणाऱ्या काठाच्या अगदी टोकावरून चालू नये. वरून गवत दिसतं आणि खाली पोकळ असतं. तिथे एखादं शेत आत घेऊन बांधावरून जावं. साठत जाणाऱ्या काठावर मात्र बिनधास्त पाण्यापर्यंत उतरता येतं. कछार म्हणतात तो हा गाळाचा पट्टा, आणि पूर ओसरला की त्यावर बाऱ्या उभ्या राहतात: वांगी, टोमॅटो, भोपळे, काटेरी फांद्यांचं कुंपण, मध्ये एक झोपडी. थंडी सरता सरता प्रत्यक्ष वाळूतही लागवड होते. वाळूत खड्डे करून त्यात खत-माती भरून कलिंगडाचे आणि खरबुजाचे वेल लावतात. वाळू दिवसा तापते आणि रात्री पटकन निवते, मुळं मात्र खालच्या ओलाव्याला पोचलेली असतात. फळ गोड होतं. या बाऱ्यांमधून वाट काढताना वेलावर पाय पडणार नाही एवढं बघावं, आणि झोपडीत माणूस असेल तर आधी राम-राम घालावा.

काठ सोडून शेतात शिरलं की पायाखालची माती बदलते, आणि इथले शेतकरी तिला जी नावं देतात ती चालणाऱ्याच्याही कामाची आहेत. कन्हार म्हणजे काळी चिकण. ओली असताना ती चपलेला किलोकिलोने चिकटते आणि वाळली की भेगाळते. मटासी पिवळसर, भाताची. तिच्या मेडा, म्हणजे बांध, अरुंद पण टणक. डोरसा या दोहोंमधली. आणि भाठा म्हणजे मुरमाड उंचवटा, पीक नसलेला, चालायला सगळ्यांत उत्तम. नोव्हेंबरच्या अखेरीस भात कापून झालेला असतो आणि रिकाम्या धसकटांत हिरवी पालवी दिसते, ती लाखोरीची. भात उभा असतानाच ओल्या चिखलात बी फेकून देतात, नांगरट नाही की काही नाही, आणि उरलेल्या ओलीवर ते पीक निघतं. विदर्भातल्या, विशेषतः भंडारा-गोंदियाच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. धसकटांतून चालताना बूट घालावेत, आणि पायाखाली बघूनच चालावं. घोणस आणि मण्यार दोन्ही या शिवारात आहेत.

काठाने अर्जुनाची मोठी झाडं आहेत, इथे त्याला कउहा म्हणतात. सावली चांगली, मुळांवर बसायला जागा. बसण्याआधी मान वर करून बघावं. फांद्यांना आग्यामोहोळं असतात. डबा उघडायला मी सहसा अशीच जागा बघतो, पण विडी-सिगारेट पेटवणाऱ्याच्या शेजारी बसत नाही. सोबत पोळी-भाजी, गूळ-दाणे आणि एखादं मीठ-साखरेचं पाकीट असलं की पुष्कळ. वाटेतल्या गावात टपरीवर चहा मिळतो. दूर धारेच्या कडेला सोनेरी-तांबूस बदकांची जोडी दिसली तर ते चक्रवाक. हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरते येतात आणि माणूस बराच लांब असतानाच ओरडून उडतात. टिटव्या तर डोक्यावर फिरत राहतात.

एकट्याने चालताना जनावरांपेक्षा माणसांशीच जास्त गाठ पडते, आणि त्याची तयारी कुणी सांगत नाही. कामाशिवाय नदीकाठाने चालणारा एकटा माणूस हा इथे संशयाचा विषय आहे. ‘कहाँ जाथस भैया?’ हा पहिला प्रश्न. चंपारणला, म्हटलं की दुसरा, ‘सड़क तो ओ डहर हे, बस मिलही.’ आपण चालतच जाणार आहोत हे कळलं की थोडा वेळ गप्प, आणि मग तिसरा, खरा प्रश्न: ‘खनिज विभाग ले आए हव का?’ रेतीच्या धंद्यामुळे नदीवर फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे एक तर सरकारी किंवा पत्रकार. म्हणून रेतीघाटाच्या आसपास फोन काढून फोटो घेत बसू नये. मी नोकरी आणि गाव सांगून टाकतो, आणि ‘दर्शन करे बर जात हँव’ म्हणतो. हे खोटं नाही. चंपारणला पोचून देवळात न जाणारा अजून मी पाहिला नाही. एवढं सांगितलं की तोच माणूस पुढचा नाला कुठून ओलांडायचा ते काठीने वाळूत रेघ काढून दाखवतो, आणि ती रेघ मोबाइलवरच्या नकाशापेक्षा खरी असते. नकाशातली धार कुठल्याशा जुन्या वर्षाची. इथे दर पुरानंतर धारा आपली जागा बदलतात.

कुत्री असतात, विशेषतः बाऱ्यांवर. हातात काठी असावी, पण ती उगारू नये. टेकत चालावं, पळू नये. घरी कुणाला तरी आपण कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे सांगून निघावं, आणि वाटेत एकदा फोन करावा. या टप्प्यात पात्रातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालत सुटलं की गाव आणि रस्ता लागतोच, त्यामुळे हरवण्याचं भय नाही. चुकलो असं वाटलं तर नदीकडे पाठ करायची.

टीला गावाशी नदीवर एनीकट आहे, म्हणजे पाणी अडवून ठेवणारी बुटकी भिंत. तिच्या वरच्या बाजूला मैलभर नदी एकदम नदीसारखी दिसते: काठोकाठ, शांत, निळसर. खालच्या बाजूला पुन्हा वाळू. सुटीच्या दिवशी इथे सहलीच्या गाड्या लागतात आणि अपघातही इथेच होतात, कारण भिंतीवरून घसरणारं पातळ पाणी शेवाळावरून जातं आणि पडणारा खाली कोसळत्या पाण्याच्या भोवऱ्यात सापडतो; ते पाणी त्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढतं. भिंतीवरून चालत पलीकडे जाणारे लोक दिसतील. आपण जाऊ नये.

या वाटेवर आपण एकटे असलो तरी पहिले नाही. राजिमच्या आसपास पंचकोशी नावाची एक जुनी पदयात्रा आहे. मध्यभागी कुलेश्वर, आणि भोवती पाच शिवस्थानं: पटेव्याचा पटेश्वर, चंपारणचा चंपेश्वर, बम्हनीचा बम्हनेश्वर, फिंगेश्वरचा फणिकेश्वर आणि कोपऱ्याचा कोपेश्वर. विष्णूच्या हातातलं कमळ इथे पडलं आणि त्याच्या पाच पाकळ्यांच्या जागी ही पाच देवळं झाली, अशी कथा. म्हणून या मुलखाला कमलक्षेत्र म्हणतात. पौष-माघाच्या थंडीत बायका-पुरुषांचे जथे डोक्यावर शिधा घेऊन, बरेचसे अनवाणी, ही फेरी पायी करतात. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमला जत्रा असते, ती वेगळी. त्या पंधरवड्यात संगमावर पात्रात तात्पुरते रस्ते, मंडप आणि माणसांचा महापूर असतो. ज्याला एकांत हवा त्याने जत्रेआधी किंवा नंतर जावं. पण पंचकोशीच्या दिवसांत ही वाट चालण्यात एक सोय आहे: वाट विचारावी लागत नाही, आणि नदीकाठाने चालणाऱ्याला कुणी खनिज विभागाचा समजत नाही.

चंपारण दुरून झाडांवरून ओळखू येतं. आजूबाजूला सगळी भाताची सपाटी आणि मध्ये हा एकच दाट तुकडा. इथलं झाड तोडायचं नाही असा रिवाज आहे. काशीहून निघालेल्या लक्ष्मण भट्ट आणि इल्लम्मा या तेलुगू दांपत्याला १४७९ मध्ये इथल्या वनात मुलगा झाला, तेच वल्लभाचार्य. त्यांच्या संप्रदायाचे बरेच भक्त गुजराती, त्यामुळे या आडबाजूच्या गावात गुजराती पाट्या, गुजराती धर्मशाळा आणि हवेली-परंपरेतली देवळं आहेत. महानदीचा एक फाटा गावाजवळून जातो; वैष्णव त्याला यमुना मानतात आणि त्याच्या काठी आरती करतात. वल्लभाचार्यांच्या बैठकीपेक्षा, म्हणजे त्यांच्या इथल्या स्मृतिस्थानापेक्षा, जुना तो चंपेश्वर. त्याच्या लिंगाचे तीन भाग शिव, पार्वती आणि गणपतीचे मानतात, आणि पंचकोशीवाले येतात ते त्याच्यासाठी.

परतायला चंपारणहून नवापाऱ्याकडे जाणारी वाहनं मिळतात, पण अंधार पडला की ती विरळ होतात, म्हणून चारच्या सुमाराला पोचण्याचा बेत ठेवावा. वेळेचा हिशेब चुकला आणि टीलाच्या आतच उन्हं उतरली, तर काठ सोडून सरळ सडक धरावी. पाय शाबूत असतील आणि सुटी शिल्लक असेल तर धर्मशाळेत मुक्काम करावा, आणि दुसऱ्या दिवशी पंचकोशीची पुढची पाकळी, बम्हनी. ती महासमुंद जिल्ह्यात आहे, म्हणजे महानदीच्या पलीकडे, आणि तिथे जाताना उजवीकडची नदी ओलांडावीच लागते. कुठून ते पौषात चंपारणच्या घाटावर विचारावं. त्या वर्षीचा उतार त्या वर्षीच्या पुरानंतरच ठरतो.